महाकाय सॅलॅमँडर, महाकाय पाकट आणि मत्स्यबीजाचा चुकलेला हिशेब

मा. संपादक,

स. न. वि. वि.

नदीतल्या अवाढव्य प्राण्यांच्या बातम्या वाचकांना आवडतात आणि त्या छापल्या जातात याचा आम्हाला आनंदच आहे. चीनमधला महाकाय सॅलॅमँडर आणि आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीतला महाकाय पाकट हे अशा बातम्यांचे ठरलेले मानकरी. पहिला जगातला सर्वांत मोठा उभयचर, दुसरा गोड्या पाण्यातल्या वजन करून नोंदवलेल्या माशांत सर्वांत जड. दोघेही तळाशी पडून राहणारे, मातकट रंगाचे, इवल्याशा डोळ्यांचे, आणि दोघेही संकटात. इथवर तुलना बरोबर आहे. पण पुढे ‘कृत्रिम पैदास करून पिल्ले नदीत सोडावीत’ हा एकच उपाय दोघांना लावला जातो, तिथे ती चुकते. सॅलॅमँडरच्या बाबतीत या उपायानेच मोठा अपाय केला आहे आणि पाकटाला तो लागूच पडत नाही. का ते नीट मांडावे म्हणून हे पत्र.

आधी नावांचे. सॅलॅमँडरला मराठीत कधी ‘पाण्यातली पाल’, कधी ‘सरडा’ म्हटले जाते. पालीच्या अंगावर खवले असतात आणि बोटांना नखे असतात. सॅलॅमँडरला यांतले काहीच नसते. अंग गुळगुळीत, ओलसर आणि बुळबुळीत. बेडूक, देवगांडूळ आणि सॅलॅमँडर असे उभयचरांचे तीन गट आहेत. त्यांतला हा शेपटीवाला गट. पाकट मात्र खराखुरा मासा, मुशीच्या नात्यातला. त्याच्या सांगाड्यात हाडे नसतात, सगळी कूर्चा असते.

चिनी बोलीत सॅलॅमँडरला ‘वावायू’ म्हणतात, म्हणजे ‘बाळमासा’. तो लहान मुलाच्या रडण्यासारखा आवाज काढतो अशी समजूत आहे, त्यावरून हे नाव पडले. नाव माशाचे आणि कारभारही मत्स्य विभागाकडे: तिथे पाण्यातल्या वन्यजीवांचे व्यवस्थापन कृषी मंत्रालयाच्या मत्स्य विभागाकडे असते, वनखात्याकडे नाही. मत्स्य विभागाची सवय कुठेही सारखीच असते. मासे कमी झाले की मत्स्यबीज तयार करायचे आणि पाण्यात सोडायचे. रोहू-कटल्याच्या जातीच्या माशांसाठी हा हिशेब बसतो, कारण त्यांची एक मादी लाखांनी अंडी घालते आणि तळ्यात वाढवलेले बोटुकलीचे पीक वर्षभरात बाजाराच्या मापाचे होते. आमच्या दोन्ही प्राण्यांना हा हिशेब लावून पाहा, तो कोलमडतो.

सॅलॅमँडरची मादी एका वेळी साधारण ४०० ते ५०० अंडी घालते, जपमाळेसारखी एका धाग्यात ओवलेली. उन्हाळा सरताना, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, नर काठाखालची कपार किंवा दगडामागची पोकळी ताब्यात घेतो. बहुतेक वेळा तिचे तोंड पाण्याखाली असते आणि आत थंड पाणी झिरपत असते. मादी आत येते, अंडी घालते, नर त्यांवर शुक्ररस सोडतो, कारण या कुळात फलन शरीराबाहेर होते. मग मादी निघून जाते आणि नर थांबतो. पुढचे ५०-६० दिवस हा नर करतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. तो कपारीच्या तोंडाकडे डोके करून पडून राहतो आणि शेपटी हळूहळू हलवून अंड्यांवरून ताजे पाणी फिरवत राहतो. अधूनमधून अंड्यांचा पुंजका डोक्याने किंवा अंगाने हलवतो, म्हणजे तळाच्या अंड्यांनाही प्राणवायू मिळतो. एखादे अंडे पांढरे पडले, त्याला बुरशी धरली की तेवढेच वेचून खातो, म्हणजे बुरशी शेजारच्या अंड्यांवर चढत नाही. हा नर कोणी पकडून नेला तर एक प्राणी कमी झाला एवढ्यावर भागत नाही, ती सगळी वीण गेली. चोरटे शिकारी नेमके मोठे प्राणी शोधतात आणि विणीच्या दिवसांत मोठे नर कुठे सापडतील हे त्यांना पक्के ठाऊक असते. म्हणून आकड्यांत लहान वाटणारी शिकार नदीत मोठी पोकळी करते.

पाकटाचे गणित याहून कडक आहे. युरोजिम्नस पॉलिलेपिस हा महाकाय पाकट अंडी घालतच नाही. पिल्ले मादीच्या पोटात वाढतात, तिथे गर्भाशयात पाझरणाऱ्या दुधासारख्या द्रवावर पोसली जातात आणि जन्मतात तेव्हा साधारण ३० सेंटिमीटर रुंद असतात. एका खेपेला १ ते ४. वाघिणीच्या एका विणीत साधारण इतकेच बछडे असतात. मासा म्हणून त्याची गणना रोहूबरोबर करणाऱ्याने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. मत्स्यबीज केंद्रात हौद बांधून अशा प्राण्याची संख्या वाढवता येत नाही. दीड-दोन मीटर रुंदीच्या माद्या वर्षानुवर्षे सांभाळायच्या आणि हाती यायची मोजकी पिल्ले, तीही नदीतून आणखी माद्या उचलून. थायलंडमध्ये चाइनात इथल्या मत्स्य केंद्रात १९९० च्या दशकात पैदासीचा प्रयत्न झाला होता. पुढे तो थांबवला गेला. नदीचे मूळ दुखणे तसेच असताना त्यात पिल्ले सोडून काय साधणार? तो थांबवणाऱ्यांचा निर्णय आम्हाला शहाणपणाचा वाटतो.

आता सॅलॅमँडरच्या बाबतीत काय घडले ते. चीनमध्ये गेल्या काही दशकांत त्याची शेती झपाट्याने वाढली, विशेषतः शान्शी प्रांतात छिनलिंग पर्वताच्या परिसरात. शेतांमध्ये लाखोंनी प्राणी आहेत. वरवर पाहता ही संवर्धनाची यशोगाथा. पण शेतीचा पाया रानातून आणलेल्या प्राण्यांवर होता आणि ते एका नदीचे नव्हते. यांगत्सेच्या उपनद्यांचे, पीत नदीच्या खोऱ्याचे, दक्षिणेकडच्या पर्ल नदीच्या खोऱ्याचे प्राणी एकाच हौदात आले आणि त्यांची संतती मिसळली. त्यातच शेतात जन्मलेल्या प्राण्यांपासून पुढची पिढी घेणे कितीतरी ठिकाणी जमेना, म्हणजे शेतीसाठी रानातला पुरवठा चालू ठेवण्याचा मोह कायम राहिला.

मग रोग आला. २०१० पासून शेतांमध्ये राणाविषाणूची साथ दिसू लागली. लक्षणे अशी: कातडीवर व्रण, अंगावर सूज, आतड्यात आणि इतर अवयवांत रक्तस्राव, खाणे बंद, आणि मग हौदच्या हौद रिकामा. दाटी, एकाच पाण्यात सगळ्या वयाचे प्राणी, बाहेरून आणलेला प्राणी अलग न ठेवता थेट हौदात सोडणे, ही त्यामागची कारणे कोणत्याही पशुपालकाला समजतील. पण इथे पुढची कडी जास्त घातक आहे. शेते ओढ्यांच्या काठी असतात, कारण प्राण्याला थंड वाहते पाणी लागते, आणि हौदाचे पाणी प्रक्रिया न करता त्याच ओढ्यात परत जाते. ओढ्यात जे थोडे रानटी प्राणी उरलेले असतात त्यांच्यापर्यंत विषाणू असा आपोआप पोहोचतो.

याच काळात शेतातले प्राणी हजारोंच्या संख्येने नद्यांमध्ये ‘पुनर्स्थापना’ म्हणून सोडले गेले. २०१३ ते २०१६ या काळात चिनी आणि ब्रिटिश संशोधकांनी मिळून ९७ ठिकाणी पाहणी केली. प्राणी सापडले फक्त ४ ठिकाणी, सगळे मिळून २४. त्यांचे जनुक तपासल्यावर दिसले ते असे की जे तपासले गेले ते त्या नदीच्या मूळ वंशाचे नव्हते. शेतातून सुटलेले किंवा सोडलेले असावेत असाच त्यांचा वंश होता. हे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी आणखी एका अभ्यासाने दाखवले की ज्याला आपण आंद्रियास डेव्हिडियानस हे एकच नाव देत होतो त्यात निदान पाच वेगळे वंश दडलेले आहेत, आणि ते लाखो वर्षांपासून एकमेकांपासून अलग आहेत. २०१९ मध्ये संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांच्या डीएनएवरून आंद्रियास स्लायगोई ही दक्षिण चीनची जात पुन्हा मान्य झाली. तिचे मूळ वर्णन १९२४ चे आहे. २०२२ मध्ये च्यांग्शी प्रांतातून आंद्रियास जियांग्शिएन्सिस आणि २०२३ मध्ये आन्हुई प्रांतातल्या हुआंगशानच्या भागातून आणखी एक जात वर्णिली गेली. म्हणजे आपण ज्या वर्षांत ‘एका जातीची’ पिल्ले सरसकट सगळ्या नद्यांत सोडत होतो त्या वर्षांत चार-पाच जाती एकमेकांत कालवत होतो. रंग एकदा कालवले की वेगळे करता येत नाहीत.

जपानमध्ये हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने झाली. तिथला आंद्रियास जापोनिकस १९५२ पासून ‘विशेष नैसर्गिक स्मारक’ म्हणून संरक्षित आहे. जपानी भाषेत सॅलॅमँडर म्हणजे ‘सानशोउओ’: ‘सानशो’ म्हणजे आपल्या तिरफळाच्या कुळातली झणझणीत मिरी, आणि ‘उओ’ म्हणजे मासा. छेडल्यावर कातडीतून येणाऱ्या पांढऱ्या चिकट स्रावाचा वास त्या मिरीसारखा येतो, म्हणून ते नाव. १९७० च्या दशकात चीनमधून खाण्यासाठी आणलेले प्राणी नदीत गेले आणि क्योतोच्या कामो नदीत आज संकरित प्राण्यांचीच गर्दी झाली आहे. बाहेरून फरक करणे अवघड, जनुक तपासणीशिवाय खात्री नाही. २०२४ मध्ये जपानने चिनी सॅलॅमँडर आणि त्याचे संकर यांना उपद्रवी परकी जीवांच्या यादीत घातले. एक संकटग्रस्त प्राणी शेजारच्या देशात उपद्रवी ठरतो, हे वाचून कोणालाही वाईट वाटेल. आम्हालाही वाटते.

तेव्हा सॅलॅमँडर सोडूच नये का? सोडता येतो, पण आधी काय काय करावे लागते ते बातमीत यायला हवे. नदीत मूळ वंश उरला आहे का हे प्रथम पाहावे लागते. त्यासाठी रात्री टॉर्च घेऊन पाहणी, दगड जागचे न उलटता कपारींची तपासणी आणि पाण्याचे नमुने गाळून त्यातला डीएनए शोधणे, असे तिन्ही मार्ग लागतात. दगड उलटणे सोपे असते, पण उलटलेला दगड पुन्हा तसाच बसत नाही आणि कपार मोडते. मग सोडायच्या प्रत्येक प्राण्याचा जनुकीय नमुना घ्यायचा आणि तो त्याच खोऱ्याच्या वंशाचा असेल तरच पुढे जायचे. राणाविषाणू आणि कातडीच्या बुरशीसाठी पीसीआर चाचणी, वेगळ्या पाण्यात अलग ठेवणे, आणि तोवर जाळी, हातमोजे, बादल्या दुसऱ्या हौदाला न लावणे. कातडीखाली ओळखचिप बसवायची. सोडल्यावर निदान काही प्राण्यांचा रेडिओ ट्रान्समीटरने माग ठेवायचा, नाहीतर महिन्याभरात किती मेले हे कधीच कळत नाही. यांतली एकही पायरी गाळली तर कार्यक्रम फोटोपुरता राहतो.

आणि पाणी. सॅलॅमँडरला फुप्फुसे असतात, पण त्याचे श्वसन प्रामुख्याने कातडीतून चालते. अंगाच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या त्या झालरीसारख्या घड्या शोभेच्या नाहीत, कातडीचे क्षेत्रफळ वाढवून पाण्यातला प्राणवायू घेण्यासाठी त्या असतात. १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरला साधारण ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, २५ अंशांना साधारण ८ मिलिग्रॅम. म्हणजे ओढ्यावर बंधारा घालून पाणी साचवले, वरची झाडे तोडून ऊन पडू दिले, की प्राण्याच्या तोंडचा घास न काढताही त्याचा श्वास काढून घेता येतो. त्यात गाळ आला तर कपारी बुजतात आणि विणीची जागाच जाते.

पाकटाचा श्वास वेगळ्या वाटेने चालतो. तोंड आणि कल्ल्यांच्या पाच-पाच फटी पोटाच्या बाजूला, डोळे आणि त्यांच्यामागची दोन श्वासरंध्रे पाठीच्या बाजूला. वाळूत रुतून बसल्यावरही तो वरच्या रंध्रांतून पाणी आत घेतो आणि खालच्या फटींतून बाहेर सोडतो. आम्ही हे मुद्दाम लिहितो, कारण त्याला जिवंत सोडण्याची सगळी पद्धत या रचनेवर उभी आहे.

१३ जून २०२२ रोजी कंबोडियाच्या स्तुंग त्रेंग प्रांतात, मेकाँगमधल्या कोह प्रीआ बेटाजवळ एका मच्छीमाराच्या गळाला जो पाकट लागला तो ३०० किलोचा होता. रुंदी २.२ मीटर, शेपटीसह लांबी ३.९८ मीटर. त्याआधीचा विक्रम थायलंडमध्ये २००५ साली सापडलेल्या मेकाँगच्या महाकाय कॅटफिशचा, २९३ किलोचा होता. ही मादी होती. ‘वंडर्स ऑफ द मेकाँग’ प्रकल्पाच्या माणसांनी तिच्या शेपटीजवळ ध्वनिसंकेत देणारे टॅग बसवले, मच्छीमाराला बाजारभावाने पैसे दिले आणि तिला पुन्हा नदीत सोडले. गावकऱ्यांनी तिचे नाव ठेवले बोरामी, म्हणजे पौर्णिमेचा चंद्र. बातम्यांत ३०० किलो हा आकडा ठळक आला. आमच्या मते त्या बातमीतली सर्वांत मोलाची ओळ मच्छीमाराला पैसे मिळाल्याची होती. गळ टाकणाऱ्याचे नुकसान भरून निघत असेल तरच पुढचा पाकट जिवंत सुटतो. पूर्ण वाढलेली एक मादी वाचवणे हे शंभर पिल्ले सोडण्याच्या घोषणेपेक्षा जास्त कामाचे आहे.

जिवंत सोडण्याची रीत अशी. प्राणी पाण्याबाहेर काढायचाच नाही, काठाजवळच्या उथळ वाहत्या पाण्यात ठेवायचा. बाहेर काढल्यास त्याचे स्वतःचेच वजन पोटाकडच्या अवयवांवर आणि कल्ल्यांच्या फटींवर पडते आणि फटींत चिखल जातो. सर्वांत आधी शेपटीवरचा काटा जाड कापडात घट्ट गुंडाळायचा. या जातीचा काटा ३८ सेंटिमीटरपर्यंत लांब असतो, दोन्ही कडांना करवतीसारखे उलटे दात, आणि वरच्या पातळ आवरणाखाली विषारी ऊती. काटा मोडून टाकू नये, ते त्याचे एकमेव हत्यार आहे. डोळ्यांमागच्या रंध्रांत बोटे किंवा आकडा घालून ओढू नये. बरेच जण तिथेच धरतात, कारण धरायला तीच सोयीची जागा दिसते, आणि प्राणी सुटल्यावरही मरू शकतो. हलवायचेच झाले तर अंगाखालून ताडपत्री सरकवून चौघा-आठ जणांनी उचलावे. गळ खोल गिळला असेल तर उपसत बसण्याऐवजी दोरी तोंडाशी कापावी. सोडताना तोंड प्रवाहाकडे ठेवावे आणि पंखाच्या कडा नेटाने हलू लागेपर्यंत आधार द्यावा.

माणसाला काटा लागलाच तर जखमेचा भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. वेदना बरीच उतरते. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि जखमेची साफसफाई रुग्णालयात. काटा मानेत, छातीत किंवा पोटात रुतला असेल तर जागेवर ओढून काढू नये, तसाच घेऊन रुग्णालय गाठावे.

पाकटाच्या नदीचे दुखणे मात्र एका मच्छीमाराच्या हातात नाही. स्तुंग त्रेंग ते क्रातिए या पट्ट्यात मेकाँगला ८० मीटरपर्यंत खोल डोह आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर मोठे मासे तिथे आसरा घेतात. वरच्या अंगाला लाओसमध्ये झायाबुरी धरण २०१९ मध्ये आणि डॉन साहोंग २०२० मध्ये सुरू झाले. धरणामागे गाळ अडतो, पाण्याची रोजची पातळी विजेच्या मागणीप्रमाणे वरखाली होते आणि डोहांची जडणघडण बदलते. कंबोडियाने २०२० मध्ये मेकाँगच्या मुख्य प्रवाहावर दहा वर्षे नवी धरणे न बांधण्याचे जाहीर केले. हा निर्णय टिकणे हे पाकटासाठी कोणत्याही पैदास केंद्रापेक्षा मोठे आहे. प्रदूषणाचा फटका किती झटपट बसतो हे थायलंडच्या मे क्लोंग नदीने २०१६ मध्ये दाखवले. काही दिवसांत डझनावारी महाकाय पाकट मरून तरंगले. इतक्या सावकाश वाढणाऱ्या प्राण्याची अशी तूट भरून यायला एक पिढी लागते.

सगळ्यात काळजीची गोष्ट म्हणजे हे प्राणी कोणाला न कळता जातात. युरोलोफस जाव्हॅनिकस हा जावा बेटाचा छोटा पाकट १८६२ मध्ये आजच्या जकार्तातल्या मासळी बाजारात एकदाच मिळाला, त्याचा एकच नमुना संग्रहालयात आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले. माणसामुळे नामशेष झालेला म्हणून नोंदवलेला तो पहिला सागरी मासा. तो महाकाय नव्हता, फक्त ३३ सेंटिमीटर. त्यामुळे त्याची बातमी चार ओळींत संपली. मोठ्या आकाराने निदान लक्ष तरी वेधले जाते, म्हणून अशी बातमी छापताना ती नीट छापावी एवढाच आमचा आग्रह आहे.

यापुढे असे छायाचित्र आले तर ओळींमध्ये पुढील गोष्टी असाव्यात. पाकट असेल तर वजनाबरोबर रुंदी, कारण शेपटी बहुधा तुटलेली असते आणि एकूण लांबीवरून तुलना होत नाही. नर की मादी, मादी असेल तर गाभण होती का, आणि प्राणी जिवंत सोडला की कापला. सॅलॅमँडर असेल तर तो कोणत्या नदीखोऱ्यातला, रानातला की शेतातला, आणि नदीत सोडला असेल तर त्याची जनुक व राणाविषाणूची तपासणी झाली होती का. ‘१.८ मीटर लांबीचा’ हा जुना आकडा प्रत्येक चिनी सॅलॅमँडरला चिकटवू नये. आज दिसणारे बहुतेक प्राणी एक मीटरच्या आतलेच असतात, आणि चित्रातल्या प्राण्याची मोजलेली लांबी उपलब्ध असेल तर तीच द्यावी.

आपले,
गोड्या पाण्यातील जलचरांचे अभ्यासक